फळ्यासमोरचा उमेदवार

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंगचा प्रश्न सोडवायला दिला होता. निम्म्यांनी तो कंपन्यांच्या मुलाखतीत सोडवतात तसा सोडवायचा: समोर व्हाइटबोर्ड, हातात मार्कर, खोलीत मुलाखतकार, आणि डोक्यात जे चाललं आहे ते मोठ्याने बोलत राहायचं. उरलेल्या निम्म्यांना खोलीत एकटं सोडलं. फळा त्यांच्याही समोर होता, फक्त बघणारं कोणी नव्हतं.

ज्यांच्यावर नजर होती त्यांची कामगिरी दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही खाली घसरली. मुलाखतकारासमोर उभी राहिलेली एकही मुलगी उत्तीर्ण झाली नाही आणि एकांतात सोडवणाऱ्या सगळ्या मुली झाल्या. मुलींची संख्या थोडी असल्याने त्यावरून ठाम विधान करता येत नाही, हे संशोधकांनी स्वतःच सांगितलं आहे. पण मुलगे आणि मुली एकत्र धरले तरी मूळ निष्कर्ष उरतोच. कोड लिहिता येतो का, हे तपासायला बसलेली ही पद्धत प्रत्यक्षात कोणी बघत असताना डोकं चालतं का, हे तपासते. ‘मला येत होतं हो, पण तिथे सुचलंच नाही,’ असं सांगणारी मुलं पुण्या-मुंबईत घरोघरी आहेत. त्यांच्या म्हणण्यावर आपण फारसा विश्वास ठेवत नाही. तो ठेवायला हवा.

ही पद्धत आली कुठून? सुरुवातीला मायक्रोसॉफ्टची कोडी प्रसिद्ध होती. गटाराच्या मॅनहोलची झाकणं गोल का असतात, हा त्यातला सर्वांत गाजलेला प्रश्न. विल्यम पाउंडस्टोन यांनी २००३ मध्ये या कोड्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी सिलिकॉन व्हॅलीच्या हमरस्त्यावर एक फलक झळकला. ‘ई’ या गणिती स्थिरांकाच्या विस्तारात सलग अंकांमध्ये सापडणारी पहिली दहा आकडी मूळ संख्या शोधा, आणि तीच वेबसाइटचा पत्ता म्हणून टाइप करा, एवढंच त्यावर होतं. कंपनीचं नाव नव्हतं. ती गूगल होती. त्याच गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितलं की अशी कोडी घालणं म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय. त्यातून कोण काम चांगलं करील हे कळत नाही, मुलाखत घेणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्याचं समाधान मिळतं.

कोडी मागे पडली आणि अल्गोरिदम आले. गूगलमध्ये अभियंता राहिलेल्या गेल लाकमन मॅकडॉवेल यांचं ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ २००८ मध्ये निघालं आणि पाहता पाहता जगभरच्या उमेदवारांचं गाइड झालं. मग लीटकोडसारख्या साइट आल्या, क्लास आले. आज आपल्याकडचा थर्ड इयरचा मुलगा अभ्यासक्रमाची पुस्तकं बाजूला ठेवून ‘डीएसए’ करतो, म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम. प्रत्यक्ष नोकरीत त्याला दुसऱ्याने पाच वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचायचा असतो, तो कुठे फुटतो ते शोधायचं असतं, ग्राहकाला नेमकं काय हवंय ते विचारून घ्यायचं असतं. मुलाखतीत यातलं फार थोडं विचारतात. मॅकवर काम करणारे असंख्य प्रोग्रॅमर ज्याच्यावर विसंबून असतात ते ‘होमब्रू’ मॅक्स हॉवेल यांनी तयार केलं. २०१५ मध्ये गूगलने त्यांना नाकारलं. तुमचे नव्वद टक्के इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात आणि मला फळ्यावर बायनरी ट्री उलटवता आला नाही म्हणून नकार, असा त्यांचा संताप जगभर वाचला गेला.

या पद्धतीची एक बाजू मात्र मी मानतो. अल्गोरिदमचा प्रश्न कॉलेजचं नाव विचारत नाही, वडिलांची ओळख विचारत नाही. नांदेडच्या किंवा सांगलीच्या मुलाला आयआयटीवाल्याच्या बरोबरीने बसायची संधी त्यातून मिळू शकते, आणि ती मिळवलेली मुलं आहेत. शिवाय चुकीचा माणूस आत घेण्यापेक्षा चांगला माणूस हुकला तर चालेल, हा कंपन्यांचा हिशेब उघड आहे.

पण किती हुकतात? बॉक यांनी आपल्या पुस्तकात गूगलचाच अनुभव दिला आहे. नाकारलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचे ३ लाख अर्ज पुन्हा चाळले, त्यातल्या १० हजारांचा नव्याने विचार केला आणि १५० जणांना नोकरी दिली. हे प्रमाण कंपनीच्या नेहमीच्या भरतीच्या सहापट निघालं. एकेकाळी तिथे एकाच उमेदवाराच्या डझनावारी मुलाखती होत. आकडेमोड केल्यावर दिसलं की चार पुरतात, पाचवीपासून अंदाजात जेमतेम एक टक्क्याची भर पडते. तरी आपल्याकडच्या काही कंपन्या सहा-सहा राउंड घेतात.

मध्यंतरी पुण्यात एका कंपनीच्या वॉक-इनसाठी इंजिनिअरांची लांबच लांब रांग लागली. त्याचं चित्रण देशभर फिरलं. एवढ्या गर्दीतून माणसं निवडायची तर चाळणी लागणारच. पण चाळणीतून गळलेल्याला उत्तर द्यायला काय हरकत आहे? ऑनलाइन टेस्ट, दोन टेक्निकल राउंड, मॅनेजर राउंड, एचआर, ‘आम्ही कळवतो’, आणि मग काहीच नाही. रूमवर बसलेला मुलगा दर तासाला मेल तपासत राहतो. नकारापेक्षा ही शांतता त्याला जास्त पोखरते.

आता एआय आलं आहे. ऑनलाइन मुलाखतीत उत्तरं पुरवणारी साधनं निघाली, आणि २०२५ मध्ये सुंदर पिचाई यांनी निदान एक राउंड समोरासमोर घेण्याचं सूतोवाच केलं. कॉपी थांबवायला ते गरजेचं असेल, पण त्याबरोबर फळा आणि नजर परत येणार.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी अनेक जण हिंजवडीत, खराडीत, बंगळुरूत किंवा सिअ‍ॅटलमध्ये टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतात. विनंती त्यांना आहे. प्रश्न दिल्यावर अर्धा तास खोलीबाहेर जा, मग आत येऊन उत्तरावर चर्चा करा. फळ्यावरच्या ट्रीऐवजी मोडका कोड द्या आणि दुरुस्त करायला सांगा. आणि निवड झाली नाही तर का झाली नाही, हे आठवड्याच्या आत दोन ओळींत कळवा.