निळू फुले : वाईट माणूस साकारणारा भला माणूस

आज निर्मळला आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. वाईट माणूस हुबेहूब उभा करायला नट स्वतः वाईट असावा लागतो का? निळू फुले पडद्यावर आले की बायाबापड्या खरोखर शिव्या घालायच्या. आणि हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला!

'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'ने ते सिनेमात आले. १९७२ मध्ये रंगभूमीवर सखाराम बाइंडर झाले, तर १९७५ च्या 'सामना'त साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव. आवाज खालचा, नजर तिरकी, बोलणं घरगुती. असा माणूस आपल्याही गावात भेटतो, म्हणून तर भीती वाटते. पुढे 'सिंहासन'मध्ये (१९७९) तेच सत्तेचा खेळ जवळून पाहून खचलेले पत्रकार दिगू टिपणीस झाले.

आम्हाला वाटतं, सत्तेचा माज त्यांनी नीट ओळखला होता, म्हणूनच तो दाखवता आला. ज्याला तो ओळखता येत नाही, त्याच्या अंगात तो नकळत भिनतो. तेव्हा हिंदुरावाला शिव्या घालताना आपण जरा स्वतःकडेही बघू या.