धर्मत्याग, वस्तू आणि भेट : चेन्नई व महाराष्ट्रातील काही संदर्भ

धर्मत्यागाचा विचार आपल्याकडे बहुधा मतांच्या पातळीवर केला जातो. कोणती श्रद्धा सोडली, कोणती स्वीकारली, त्यामागील कारणे तात्त्विक होती की सामाजिक, हे प्रश्न अभ्यासकांनी सविस्तर हाताळले आहेत. त्या मानाने एक साधा प्रश्न मागे राहिला आहे. धर्म सोडलेल्या माणसाच्या हाती त्याच्या जुन्या धर्माची वस्तू भेट म्हणून आली, तर त्याने काय करावे? तसबीर, ग्रंथ, अंगठी, कुंकवाची डबी या वस्तू कोठल्या तरी दुकानातून विकत घेतलेल्या असतात, आणि देणारा बहुधा घरचाच असतो. वस्तू नाकारली तर माणूस दुखावतो. स्वीकारली तर सोडलेले मत पुन्हा मान्य केल्यासारखे होते. प्रस्तुत लेखात या पेचाचा विचार चेन्नई आणि महाराष्ट्र येथील उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

या प्रश्नाचे ठळक रूप अमेरिकेतील मॉर्मन समाजात दिसते. १८३० मध्ये स्थापन झालेल्या या पंथाचे केंद्र सॉल्ट लेक सिटी येथे आहे. तेथे १८६६ मध्ये जॉर्ज क्यू. कॅनन यांनी सुरू केलेल्या दुकानातून पुढे ‘डेझरेट बुक’ ही ग्रंथविक्रीसंस्था उभी राहिली. आज ती पंथाच्याच मालकीची आहे. तेथे ग्रंथांबरोबर मंदिरांची चित्रे, येशूच्या प्रतिमा, दागिने आणि घरसजावटीच्या वस्तूही मिळतात. ‘योग्य तेच निवड’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे कोरलेली अंगठी मुलांना देण्याची तेथे रीत आहे. पंथ सोडलेल्यांचे या वस्तूंविषयीचे आक्षेप साधारणतः दोन प्रकारचे असतात. श्रद्धेचा बाजार मांडला जातो आणि विक्रेता खुद्द पंथच असतो, हा पहिला. दुसरा अधिक जिव्हारी लागणारा आहे : नाताळात किंवा वाढदिवसाला आईवडिलांकडून आलेली अशी वस्तू ‘परत ये’ असे न बोलता सांगत असते.

या पंथाचा मद्रासशी जुना संबंध आहे. रिचर्ड बॅलंटाइन हे मॉर्मन प्रचारक १८५३ मध्ये मद्रासला आले आणि पुढील वर्षी त्यांनी तेथून पंथाचे एक नियतकालिक छापून काढले. त्या प्रयत्नाला फारसे यश आले नाही. तथापि छापील मजकूर हातोहात देऊन श्रद्धा पोहोचवावयाची, ही पद्धत मद्रासला तेव्हाही नवी नव्हती.

भेटीचे बंधन

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भेटीची तीन बंधने सांगितली : देणे, घेणे आणि परत करणे. वरकरणी स्वेच्छेची वाटणारी भेट प्रत्यक्षात नाते बांधते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कॉलीन मॅक्डॅनेल यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात ख्रिस्ती समाजातील वस्तूंचा अभ्यास करताना मॉर्मनांची पवित्र वस्त्रे आणि धार्मिक वस्तूंची किरकोळ विक्री या दोहोंना स्वतंत्र प्रकरणे दिली. सामान्य भाविकाच्या जीवनात पावित्र्य आणि बाजार वेगळे राहत नाहीत, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते.

या दोन विचारांना जोडून पाहिले, तर धार्मिक दुकानातील वस्तूची तीन रूपे दिसतात. दुकानाच्या फळीवर ती विक्रीचा माल असते. दिली जाताना ती नात्याची खूण होते. घरात मांडली गेल्यावर पूज्य होते. श्रद्धावंताला ही स्थित्यंतरे जाणवतही नाहीत. धर्म सोडलेल्याला मात्र तिन्ही रूपे एकाच वेळी दिसतात, आणि त्यांतले कोणते खरे मानावयाचे हे त्याला ठरवावे लागते.

चेन्नईचा बाजार

या दृष्टीने चेन्नई हे शहर अभ्यासास सोयीचे आहे. येथील ‘हिगिनबॉथम्स’ हे देशातील जुन्या पुस्तकदुकानांपैकी एक. वेस्लियन मिशनऱ्यांच्या पुस्तकदुकानात काम करणाऱ्या एबल जोशुआ हिगिनबॉथम यांनी ते दुकान १८४४ मध्ये विकत घेतले, आणि धर्मप्रचाराचे दुकान सर्वसामान्य वाचकाचे झाले. धर्मत्याग दुकानालाही करता येतो, असे गमतीने म्हणावयास हरकत नाही. दुसरीकडे मैलापूर येथे कपालीश्वर मंदिराच्या परिसरात ‘गिरी ट्रेडिंग’मध्ये स्तोत्रे, पंचांगे, पूजासाहित्य, मूर्ती आणि भेटवस्तू एका छपराखाली मिळतात. मुंबईच्या माटुंग्यातील याच दुकानामुळे हे नाव मराठी वाचकालाही परिचित आहे. ख्रिस्ती साहित्य, रामकृष्ण मठाचे ग्रंथ आणि अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीची प्रकाशने हीही याच शहरात मिळतात.

नवरात्रात मैलापूरच्या माडवीथीवर ‘गोलू’च्या बाहुल्यांचा बाजार भरतो. गोलू पाहावयास आलेल्या स्त्रीला विडा, हळदकुंकू, फळ आणि एखादी लहानशी वस्तू असा ‘तांबूलम’ दिला जातो. आपल्याकडील संक्रांतीच्या हळदीकुंकवातील वाणाशी याचे साम्य उघड आहे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी गृहिणीला तांबूलम स्वीकारताना परके वाटत नाही, याचे कारण हेच. मात्र जिने ख्रिस्ती किंवा बौद्ध धर्म स्वीकारला आहे, तिच्यापुढे शेजारणीने धरलेले तबक हा प्रश्नच होय. तबकातील फळ घ्यावे आणि कुंकू नाकारावे, ही तडजोड सोपी वाटली तरी नाकारण्याची ती कृती सर्वांच्या देखत होत असते.

माती आणि मूर्ती

चेन्नई हे जुन्या धर्माला जाहीर नकार देणाऱ्यांचेही शहर आहे. अयोध्यादास पंडितर यांनी १८९८ मध्ये बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन रायपेट्टा येथे शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. १९०७ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या साप्ताहिकाच्या नावातच ‘एक पैसा’ ही त्याची किंमत होती. गरिबालाही विकत घेता येईल असा मजकूर, हा त्यामागील विचार होता. रूढ सणही त्यांनी टाकून दिले नाहीत. त्यांचे बौद्ध अर्थ लावून दाखविले.

पेरियार ई. व्ही. रामसामी यांचा मार्ग याहून वेगळा होता. २७ मे १९५३ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, त्यांनी तिरुचिरापल्ली येथे गणपतीची मातीची मूर्ती जाहीरपणे फोडली. त्यावरून दाखल झालेली फौजदारी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. अशी मातीची आकृती कायद्याने ‘पवित्र वस्तू’ ठरत नाही, अशी खालच्या न्यायालयांची भूमिका होती. १९५८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. वस्तू स्वतः कितीही क्षुल्लक असो, प्रत्यक्ष पूजेत असो वा नसो, एखादा समाज तिला पवित्र मानत असेल तर ती पवित्र वस्तूच होय, असा अर्थ न्यायालयाने लावला. बराच काळ उलटल्याने प्रकरण पुढे चालविण्यास मात्र नकार दिला. बाजारात मिळणारी माती केव्हा मूर्ती होते, या प्रश्नाला येथे न्यायालयीन उत्तर मिळाले आणि ते पाहणाऱ्याच्या श्रद्धेवर सोपविले गेले. धर्म सोडणाऱ्याची अडचण याच उत्तरात आहे. वस्तूचा अर्थ एकट्याला ठरविता येत नाही.

तथापि देवाणघेवाण स्वाभिमान चळवळीनेही सोडली नाही. १९६७ मध्ये अण्णादुराई यांच्या सरकारने स्वाभिमान विवाहांना मान्यता देणारी कायदादुरुस्ती केली. तीत पुरोहिताची गरज उरली नाही, परंतु एकमेकांना हार घालणे किंवा अंगठी देणे यांना स्थान राहिले. मंत्र गेले तरी वस्तू राहिली.

दोन ग्रंथभेटी

महाराष्ट्राच्या धर्मांतराच्या इतिहासात दोन ग्रंथभेटी या संदर्भात विशेष बोलक्या आहेत. नारायण वामन टिळक राजनांदगावच्या प्रवासात असताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या भेटीत अपेक्षा उघड होती.

दुसरी भेट कृष्णराव अर्जुन केळुसकर यांची. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र विद्यार्थिदशेतील भीमरावांना सत्कारप्रसंगी दिले. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकच्या यशाशी जोडतात. स्वतः बाबासाहेबांनी तो इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा म्हणून सांगितला आहे. केळुसकर बौद्ध नव्हते आणि त्या मुलाने बौद्ध व्हावे अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. त्या भेटीमागे मागणी नव्हती, आणि तरीही तिचा परिणाम दूरवर गेला.

याच काळात मद्रासमध्ये पी. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धर्माचे सार सांगणारा इंग्रजी ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. चार दशकांनंतर, १९४८ मध्ये, बाबासाहेबांनी त्याची नवी आवृत्ती स्वतःच्या प्रस्तावनेसह काढली. मद्रासच्या ग्रंथाला महाराष्ट्रातून मिळालेली ही परतफेडच म्हणता येईल.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवतांची उपासना न करण्याच्या प्रतिज्ञा स्पष्ट आहेत. त्यामुळे देव्हाऱ्यातील टाक आणि तसबिरी यांचे काय करावयाचे, हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. मात्र भेटीची प्रथा थांबली नाही. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तके, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांच्या तसबिरी आणि दिनदर्शिका यांची दुकाने मोठ्या संख्येने लागतात. घरी परतणारा माणूस नातलगांसाठी काहीतरी घेऊन जातो. नव्या धर्माने नवा बाजार निर्माण केला, ही टीका वरवरची आहे. पूर्वी ज्यांना ग्रंथाला स्पर्शही करू दिला जात नव्हता, त्यांच्या हाती ग्रंथ विकत घेण्याचा आणि देण्याचा अधिकार आला, हे अधिक महत्त्वाचे. तरीही बुद्धमूर्ती केवळ शोभेची वस्तू होऊन बसेल की काय, हा प्रश्न या समाजानेही टाळू नये.

समारोप

या उदाहरणांवरून असे दिसते, की धर्म सोडणारा माणूस वस्तूला किंवा बाजाराला जितका विरोध करतो, त्याहून अधिक भेटीत दडलेल्या मागणीला करतो. मॉर्मन घरातून आलेली अंगठी आणि तांबूलमातील कुंकू यांचा भार सारखाच आहे. देणाऱ्याच्या लेखी ते प्रेम असते, आणि घेणाऱ्याच्या लेखी प्रेमाबरोबर आलेली अट. ग्रंथ मात्र यांत बराचसा निराळा ठरतो, कारण तो स्वीकारला तरी मानावा लागत नाही. तो वाचता येतो आणि त्याच्याशी मतभेदही ठेवता येतो. टिळकांचा सहप्रवासी आणि केळुसकर या दोघांनीही ग्रंथच दिला. पहिल्याने उत्तर आधीच सांगून ठेवले, दुसऱ्याने ते वाचणाऱ्यावर सोडले. मतभेद झालेल्या घरात कोणती भेट द्यावी, याचा विचार करताना हा फरक ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.