तड्यांचा नाद व त्याची साक्ष

पुलाचा तडा वाढूं लागला म्हणजे त्यांतून सूक्ष्म ध्वनितरंग निघतात. मानवी कानास ते बहुधा ऐकूं येत नाहींत. दाबानें वीज उत्पन्न करणारे स्फटिक पृष्ठभागावर बसविल्यास ते टिपतात. निरनिराळ्या स्फटिकांपर्यंत तरंग पोंचण्याच्या वेळांतील फरकावरून तड्याचें स्थान काढतां येतें.

१९५० सालीं म्यूनिक येथें योसेफ कायझर यांनीं प्रबंधांत दाखविलें कीं, पूर्वीं सोसलेल्या भाराची मर्यादा ओलांडीपर्यंत धातु पुन्हां बहुधा नाद करीत नाहीं. धातूच्या ठायीं पूर्वभाराची जणूं नोंदच राहते. त्या मर्यादेपूर्वींच नाद उठल्यास मधल्या काळांत नुकसान वाढलें, असें अनुमान निघतें.

लंडन येथील १९६१ सालच्या हॅमरस्मिथ उड्डाणपुलांतील पोलादी तारा गंजल्या होत्या. त्यांच्या तुटण्याचे नाद टिपण्यास अशीं यंत्रें तेथें लाविलीं. डिसेंबर २०११ मध्यें पूल बंद करावा लागला. पुढें त्याची दुरुस्ती झाली.

परंतु हें यंत्र अखबारनवीसाप्रमाणें चालू दिवसाचेंच वर्तमान कळवितें. तें बसविण्यापूर्वीं तुटलेल्या तारांची साक्ष त्यापाशीं नसते. न वाढणारा तडाही त्यास कळत नाहीं. पूर्ववृत्तासाठीं बांधकामाचे नकाशे व दुरुस्तीचीं टिपणेंच शोधावीं लागतात. सबब अशीं दप्तरें रद्दींत जाऊं देऊं नयेत.