'वहिनी, तुम्हाला काय कळतं बाँडमधलं?'

आमच्याकडे राजकारणावरून वाद होत नाहीत, जेम्स बाँडवरून होतात! नाना, म्हणजे माझे सासरे, रॉजर मूरच्या पार्टीचे. त्याचं कारण 'ऑक्टोपसी'. १९८३च्या त्या सिनेमात उदयपूरचा तलाव आहे, कबीर बेदी आहे आणि चक्क आपला टेनिसवाला विजय अमृतराज आहे. (साप, निखारे, खिळ्यांची गादी असला सगळा 'भारत'ही त्यात कोंबलाय, पण ते नानांना चालतं.) धाकटे दीर पिअर्स ब्रॉस्ननवाले. पुतण्याला डॅनिएल क्रेगशिवाय दुसरा बाँड मान्यच नाही. क्रेगचा शेवटचा सिनेमा २०२१मध्ये आला, तेव्हापासून 'आता पुढचा कोण' यावर रविवारी जेवणं तासभर लांबतात.

अशाच एका रविवारी पोळ्या वाढता वाढता मी म्हटलं, "नाना, पण शेवटच्या सिनेमात मूर फार थकलेला वाटतो हो." तर दीर हसत म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काय कळतं बाँडमधलं?"

थट्टाच होती, पण लागली खरी. कारण मी बाँडपट काही कमी पाहिलेले नाहीत. व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेत, केबलवर हिंदीत डब केलेले पाहिलेत, निम्मे भाजी निवडताना पाहिलेत. मग मी हट्टाने वाचायला लागले. आणि मैत्रिणींनो, पहिल्याच फटक्यात काय सापडलं सांगू?

बाँड पहिल्यांदा निवडला गेला, तेव्हा एका गृहिणीचं मत विचारलं गेलं होतं! पहिला सिनेमा 'डॉ. नो', १९६२चा. निर्माते दोघे, अल्बर्ट ब्रॉकोली आणि हॅरी साल्ट्झमन. शॉन कॉनरी हा एडिंबरोत एकेकाळी दूध टाकणारा पोरगा. मूळ कादंबऱ्या लिहिणाऱ्या इयन फ्लेमिंगनाही तो सुरुवातीला पसंत नव्हता. ब्रॉकोलींनी आपल्या बायकोला, डॅनाला, त्याचा एक जुना सिनेमा दाखवला आणि विचारलं, या माणसात बायकांना आवडेल असं काही आहे का? ती म्हणाली, आहे. झालं! पुढे दिग्दर्शक टेरेन्स यंगने त्याला स्वतःच्या शिंप्याकडे नेलं, कसं चालायचं, कसं जेवायचं हे शिकवलं. सुटाची सवय व्हावी म्हणून त्याला सूट घालून झोपायला लावलं होतं, असंही सांगतात. नवी सून घरात आल्यावर सासू वळण लावते ना, अगदी तसं!

हे मी जेवताना सांगितलं, तेव्हा नानासुद्धा आमटी ओरपायची थांबले.

पण पुढे वाचत गेले तसं हसू कमी होत गेलं. 'डॉ. नो'मध्ये समुद्रातून बाहेर येणारी उर्सुला अँड्रेस सगळ्या जगाला आठवते. तिचा त्या सिनेमातला आवाज मात्र तिचा नाहीच. तिचे उच्चार स्विस वळणाचे, म्हणून निकी व्हान डर झिल नावाच्या बाईंनी डबिंग केलं. याच बाईंनी पुढच्या सिनेमांतल्या आणखी नायिकांनाही आवाज दिला. एकीचा चेहरा आणि दुसरीचा आवाज! आणि आवाजवालीचं पडद्यावर नावसुद्धा नाही.

आणि मनीपेनी! बॉसच्या केबिनबाहेर बसणारी, बाँडवर जीव टाकणारी ती सेक्रेटरी. लोइस मॅक्सवेलने ही भूमिका १९६२पासून १९८५पर्यंत १४ सिनेमांत केली. तीन बाँड आले-गेले, ही जागेवर. आता गंमत बघा. लोइस आणि रॉजर मूर दोघांचाही जन्म १९२७चा. लंडनच्या नाट्यशाळेत दोघं बरोबर शिकलेले. १९८५च्या 'अ व्ह्यू टू अ किल'मध्ये मूर ५७ वर्षांचा होता, तरी नायिका त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान. त्याच वयाची लोइस मात्र टेबलामागेच. त्या सिनेमानंतर दोघंही गेले, नवी मनीपेनी आली ती विशीतली. आणि बाँडला गाड्या-घड्याळं बनवून देणारा 'क्यू'? डेस्मंड लेवेलिन १९९९पर्यंत काम करत राहिले, ८५व्या वर्षापर्यंत. म्हातारा क्यू सगळ्यांना गोड वाटतो. म्हातारी मनीपेनी कुणालाच नको!

हे वाचून मला आमच्या बचत गटातल्या एका ताई आठवल्या. वीस वर्षं एका कार्यालयाचं टेबल सांभाळलं, साहेब बदलत गेले. शेवटी 'आता समोर तरुण मुलगी हवी' म्हणून त्यांना आतल्या फाइलींच्या खोलीत बसवलं. त्या फार बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी आणलेला डबा तसाच परत नेला.

चित्र थोडंफार बदललं ते १९९५मध्ये. 'गोल्डनआय'मध्ये बाँडची बॉस 'एम' म्हणून ज्युडी डेंच आली, साठीची बाई. पहिल्याच भेटीत ती बाँडला, तू शीतयुद्धाच्या काळातला डायनोसॉर आहेस, असं सुनावते. त्याआधी १९९२मध्ये ब्रिटनच्या खऱ्याखुऱ्या गुप्तचर संस्थेची, एमआय-फाइव्हची, प्रमुख एक स्त्री झालीच होती. डेंचबाईंनी सात सिनेमे गाजवले आणि २०१२च्या 'स्कायफॉल'मध्ये तर कथाच त्यांच्याभोवती फिरली. दिग्दर्शक सॅम मेंडिस. माझ्या मते तोच सगळ्यात चांगला बाँडपट. दीर मान्य करत नाहीत, न करोत.

क्रेगची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. २००५मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, तेव्हा चाहत्यांनी केवढा गोंधळ घातला! सोनेरी केस कसे, उंची कमी, बहिष्कार टाका! डॅनाची मुलगी बार्बरा ब्रॉकोली तोवर निर्माती झाली होती. ती हलली नाही. पुढच्या वर्षी 'कॅसिनो रोयाल'ने जगभरात ५० कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि तेच चाहते कौतुक करायला लागले. १९८१पासून बहुतेक बाँडपटांत नटांची निवड करायचं कामही एका बाईकडेच होतं, डेबी मॅकविल्यम्सकडे. म्हणजे पुरुषांच्या या लाडक्या हिरोला पारखून घेणाऱ्या कोण, तर आई, लेक आणि ही तिसरी!

आणि तरीही २५ अधिकृत सिनेमांपैकी एकाचंही दिग्दर्शन बाईने केलेलं नाही. 'नो टाइम टू डाय'साठी डॅनी बॉइल २०१८मध्ये बाहेर पडला, तेव्हाही खुर्ची पुरुषाकडेच गेली. पटकथेत मात्र फीबी वॉलर-ब्रिजला बोलावलं. बार्बराने २०२५मध्ये सूत्रं अॅमेझॉनकडे सोपवली आणि पुढच्या सिनेमासाठी 'ड्यून'वाल्या डेनी विलनव्हचं नाव जाहीर झालं. पुतण्या खूश. माणूस हुशार आहे, वाद नाही.

परवा दिरांनीच विषय काढला. "बोला वहिनी, पुढचा बाँड कसा हवा?"

मी म्हटलं, "बाँड तुम्ही ठरवा. मला मनीपेनी पन्नाशीची हवी, आणि 'क्यू'सारखी म्हातारी होईपर्यंत हवी."

नाना म्हणाले, "आणि बाँड?"

"तो येईल-जाईल, नाना. भात वाढू का?"