नऊ मिनिटांची 'रिजेक्टेड' आणि फॉरवर्डमध्ये पुसला गेलेला कागद

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये एखादी विचित्र कार्टून क्लिप नक्की पडून असेल. काड्यांची माणसं, कारण नसताना किंचाळणारी, मधेच रक्त. कोणी बनवली माहीत नाही, कुठून आली तेही माहीत नाही. अशा क्लिप्सची खापरपणजी शोभेल अशी एक शॉर्ट फिल्म आहे: 'रिजेक्टेड'. डॉन हर्ट्झफेल्ड या अमेरिकन ॲनिमेटरची, २००० सालची, जेमतेम नऊ मिनिटांची. आज तिच्याबद्दल सांगणार आहे, पण रिव्ह्यू म्हणून नाही. बिटरेट, कॉम्प्रेशन, डीव्हीडी, ब्लू-रे हे शब्द आपण रोज ऐकतो. ते समजवायला मला हिच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

आधी फिल्म काय आहे ते बघू

फिल्मची कल्पना अशी. एका चॅनलने आणि मग एका कंपनीने ॲनिमेटरला जाहिराती करायला सांगितल्या. त्याने जे करून दिलं ते सगळं नाकारलं गेलं, आणि आपण बघतोय ते म्हणजे तेच नाकारलेले तुकडे. चॅनल खोटं, कंपनीही खोटी. खरा हर्ट्झफेल्ड जाहिरातींची कामं घेतच नाही. एका तुकड्यात वाटीपुढे बसलेल्या माणसाचा चमचा त्याच्या मानाने भलताच मोठा आहे आणि तो त्याचीच तक्रार करतोय. दुसऱ्यात ढगासारखे गुबगुबीत प्राणी आनंदात नाचतायत आणि मधेच एकाला रक्तस्राव सुरू होतो. तुकड्यांच्या मधे पाट्या येतात, त्यावरून कळत जातं की हा ॲनिमेटर हळूहळू डोक्यातून चाललाय. (लहान भावंडांना 'कार्टून आहे' म्हणून लावून देऊ नका, घरात बोलणी खाल.)

शेवट मात्र हसवता हसवता घशात अडकतो. ज्या कागदावर ही पात्रं काढलीयत तो कागदच चुरगळायला लागतो. जग दुमडतं, फाटतं, भोकं पडतात, आणि काड्यांची माणसं जीव वाचवायला पळतात. यात कॉम्प्युटर ग्राफिक्स नाही. हर्ट्झफेल्डने खरा कागद कॅमेऱ्याखाली थोडा थोडा चुरगळत एकेक फ्रेम ३५ एमएम फिल्मवर घेतली. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर नऊ मिनिटांच्या १२,९६० होतात. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागत नाही हे खरं, तरी आकडा वाचूनच हात दुखतो. या फिल्मला ॲनिमेटेड शॉर्टच्या गटात ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

आता गंमत बघा. यूट्यूब आलं २००५ मध्ये. 'रिजेक्टेड' त्याच्या आधीपासूनच इंटरनेटवर फिरत होती, फाइल शेअरिंगवरून, कोणीतरी कापून छोट्या केलेल्या फाइल्समध्ये. नाव नाही, पाट्या नाहीत. त्यामुळे काहींना त्या खरोखरच्या नाकारलेल्या जाहिराती वाटल्या. पाटी कापली की विनोदाचा अर्धा अर्थ जातो, कारण नाकारणारा कोण हेच कळत नाही. दुसरा अर्धा कॉम्प्रेशन खातं.

पांढरा कागद सगळ्यात अवघड

आपल्याला वाटतं, पांढऱ्यावर काळ्या रेघा, म्हणजे कॉम्प्रेस करायला एकदम सोपं. तसं नसतं. व्हिडिओ लहान करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एन्कोडर, चित्राचे छोटे चौकोन पाडतं. डीव्हीडीच्या एमपेग-२ मध्ये ते ८ बाय ८ पिक्सेलचे असतात. प्रत्येक चौकोनात मोठे, संथ बदल किती आणि बारीक, झपाट्याचे बदल किती याचा हिशेब होतो. जागा कमी पडली की आधी बारीक बदलांवर कात्री चालते, कारण डोळ्याला ते चटकन जाणवत नाहीत. आकाशाच्या फोटोत हे खपून जातं. पण पातळ काळी रेघ म्हणजे बारीक बदलच की! ते छाटले की रेघेभोवती राखाडी डास घोंगावल्यासारखे ठिपके दिसतात. इंग्रजीतही त्याला 'मॉस्किटो नॉइज' असंच म्हणतात.

त्याहून वाईट हाल कागदाचे होतात. फिल्मवर घेतलेला पांढरा कागद नुसता पांढरा नसतो. त्यात कागदाचा पोत असतो, धूळ असते, फिल्मचे स्वतःचे बारीक दाणे असतात, आणि ते प्रत्येक फ्रेममध्ये हलतात. एन्कोडरच्या भाषेत हा सगळा कचरा. तो पुसतो, आणि उरतो गुळगुळीत प्लास्टिकसारखा पांढरा रंग.

आता शेवटचा प्रसंग पुन्हा आठवा. कागद चुरगळतो तेव्हा धक्का बसतो, कारण तोपर्यंत आपण 'कागदच तर आहे' हे विसरलेलो असतो, तरी तो सतत समोर असतो. कॉपीतून कागद आधीच नाहीसा झाला असेल, तर चुरगळतंय काय? फोनवर पहिल्यांदा बघणाऱ्याला तो कुठलातरी इफेक्ट वाटणार. म्हणून 'दिसतंय ना, मग झालं' हे मला पटत नाही.

थोडा हिशेब

डीव्हीडीवर व्हिडिओचा बिटरेट जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस जाऊ शकतो. आपण ८ धरू. नऊ मिनिटं म्हणजे ५४० सेकंद, ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, तर फाइल झाली ५४० एमबी. वॉट्सॲपवर बरीच वर्षं व्हिडिओला १६ एमबीची मर्यादा होती. तीच फिल्म त्यात कोंबायची तर जवळपास ३४ पट दाबावी लागेल, सेकंदाला फक्त २३७ किलोबिटच्या आसपास उरतील. नवे कोडेक एमपेग-२ पेक्षा खूप हुशार आहेत हे मान्य, पण ३४ पट? आणि फॉरवर्ड होता होता फाइल पुन्हा कॉम्प्रेस झाली असेल तर झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स.

ब्लू-रेचं चित्र १९२० बाय १०८०, अमेरिकन डीव्हीडीचं ७२० बाय ४८०. पिक्सेल मोजले तर बरोब्बर सहा पट. बिटरेटही ४० एमबीपीएसपर्यंत जातो. फिल्मचे दाणे खऱ्या अर्थाने तिथे टिकतात.

कंगवा दिसतो तो का

माझ्या मावसभावाने अमेरिकेहून येताना हर्ट्झफेल्डच्या फिल्म्सची 'बिटर फिल्म्स व्हॉल्यूम १' ही डीव्हीडी आणली. २००६ मध्ये निघालेली ही डिस्क, त्यात १९९५ ते २००५ च्या शॉर्ट फिल्म्स नव्याने साफ करून घातल्यायत. लॅपटॉपवर एका बाजूला डिस्क आणि दुसऱ्या बाजूला मला कधीतरी आलेली जुनी फाइल, असं लावून बघितलं. जुन्या फाइलमध्ये पात्र जोरात हललं की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा.

कारण असं. अमेरिकेतले जुने टीव्ही चित्र एकदम दाखवत नसत. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. अशी सेकंदाला साधारण ६० अर्धी चित्रं. २४ फ्रेमची फिल्म त्यात बसवायला एका फ्रेमची दोन अर्धी, पुढच्या फ्रेमची तीन, पुन्हा दोन, अशी वाटणी करतात. त्यामुळे दर पाचात दोन चित्रं दोन वेगवेगळ्या फ्रेमची खिचडी होतात. टीव्हीवर ते लपायचं. फाइल बनवणाऱ्याने ही खिचडी न निवडता तशीच एन्कोड केली की फोनवर कंगवा दिसतो. तुमच्या फोनचा स्क्रीन खराब नाहीय!

(आपल्याकडच्या पाल पद्धतीत वेगळीच तऱ्हा. २४ फ्रेमची फिल्म बहुतेकदा सरळ २५ ने पळवायची. नऊ मिनिटांत २१-२२ सेकंद गायब. विनोदाच्या टायमिंगचं काय होत असेल ते सोडून द्या.)

तुम्हाला बघायची असेल तर

पहिल्यांदा दिग्दर्शकाची स्वतःची साइट किंवा अधिकृत चॅनल शोधा. यूट्यूब ॲपमध्ये 'ऑटो' क्वालिटीवर विसंबू नका, हाताने वरची निवडा. सेटिंग्जमध्ये जनरल या भागात 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू केलं की रिझोल्यूशन आणि कोडेक दोन्ही दिसतात. मात्र १०८० लिहिलंय म्हणजे चित्र चांगलंच असं नाही. जुनी खराब फाइल मोठी करून चढवली तरी तिथे १०८० च दिसणार. रेघेभोवती डास आणि कडेला कंगवा आहे का ते बघा.

डिस्क मागवणार असाल तर रिजन कोड तपासा. डीव्हीडीसाठी अमेरिका १, भारत ५. ब्लू-रेसाठी अमेरिका ए, भारत सी. कव्हरवर 'ऑल' किंवा शून्य असेल तर चिंता नाही. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन साधारण पाच वेळाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो, तेव्हा गंमत म्हणून बदलत बसू नका. आणि ओटीजी केबलने ड्राइव्ह थेट फोनला लावायची आयडिया बहुतेक वेळा चालत नाही. ड्राइव्हला लागणारी वीज फोनकडून पुरत नाही, वर बरेच फोन डिस्कवरची फाइल-पद्धत ओळखतच नाहीत. साधा यूएसबी ड्राइव्ह, कोणाचातरी लॅपटॉप आणि व्हीएलसी प्लेअर, एवढं पुरे.

बघताना चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर दोन बोटांनी झूम करून स्क्रीन भरू नका. जुन्या ४:३ चौकटीतल्या फिल्मचं वरचं-खालचं चित्र त्याने कापलं जातं, आणि काड्यांच्या माणसांची डोकी नेमकी वरच असतात.