फलकछपाईचे ‘रिप’ : सोपे कोणते?

रिप म्हणजे रास्टर इमेज प्रोसेसर. फाइलमधील चित्र-मजकुराचे शाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर.

कामाचा आवाका : सेलू तालुक्यातील केळझरच्या सिद्धिविनायकाच्या उत्सवासाठी १० × ८ फुटी फलक धरा. इंचाला ७२ पिक्सेल घेतले, तर सुमारे ६ कोटी पिक्सेल, चार रंगांत सुमारे २४० एमबी. १५० घेतल्यास १ जीबीहून अधिक. इतक्या मोठ्या फाइली हाताने हाताळणे जिकिरीचे, म्हणून सोपेपणा बटणांच्या संख्येवर नव्हे, सॉफ्टवेअर आपणहून किती कामे उरकते यावर ठरतो.

प्रिंटरचा ड्रायव्हर का पुरत नाही? साधी छपाई त्यानेही होते. मात्र पुढील कामे मुख्यतः रिपची :
- फ्लेक्स, व्हिनाइल, कापड यांसाठी वेगळे रंगप्रोफाइल
- लहान कामे एकाच पन्ह्यावर बसवणे
- मोठ्या फलकाचे तुकडे पाडणे

खरेदीपूर्वी तपासा :
- आपल्या प्रिंटरचे मॉडेल रिपच्या यादीत आहे का?
- पीडीएफमधील देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात का? शंका असल्यास अक्षरे ‘कर्व्ह’ (म्हणजे आकृतीत रूपांतरित) करून पाठवावीत.

नियम : १ जुलै २०२२पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर देशभर बंदी.