बाय, एवढा कागद वाच गो!

कफ परेड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उंच टॉवर्स, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि आता मेट्रो-३चं शेवटचं स्टेशन. आणि मच्छीमार नगर म्हटलं तर? बहुतेकांना एकच गोष्ट आठवते, २६ नोव्हेंबर २००८ची रात्र. दहशतवादी रबरी होडीतून इथल्याच किनाऱ्याला लागले होते. त्यानंतर कॅमेरे आले आणि गेले. पण त्या आधीही इथे होड्या होत्या, जाळी होती, बोंबील वाळत होते. आजही आहेत.

मीही तुमच्यातलीच. नारळी पौर्णिमेच्या फोटो-फीचरसाठी मच्छीमार नगरात गेले होते. सजवलेल्या होड्या, हिरव्या साड्या, सोन्याचा नारळ, झालं काम, असा माझा हिशोब होता. पण एका घराच्या पायरीवर माझ्यापेक्षा लहान मुलगी मांडीवर फाइल घेऊन बसली होती आणि समोर चार बायका रांगेत उभ्या होत्या. रांग कसली म्हणून विचारलं, तर एक मावशी म्हणाल्या, "कागद वाचून घ्याचाय."

ती मुलगी चर्चगेटच्या एका कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला आहे. "माझं नाव छापू नका, लोकांचे कागद माझ्याकडे असतात," असं तिने आधीच बजावलं. इथे तिला सगळे 'बाय'च म्हणतात. आपणही तेच म्हणू.

चार दिवस उरले होते

त्या दिवशी रांगेत तिसऱ्या होत्या त्या काकूंचा नवरा खलाशी होता. होडीवरून पडून गेला. मासेमारांसाठी केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत गट अपघात विमा आहे. त्यात मृत्यू झाला तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख आणि हॉस्पिटलच्या खर्चासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम मिळते. काकूंनी अर्ज केला होता. पुढे एक इंग्रजी पत्र आलं. शेजारच्या कुणीतरी वरवर पाहून सांगितलं, "नाही म्हणतायत." काकूंनी पत्र देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं. विषय संपला.

बायने ते पत्र वाचलं, परत वाचलं आणि विचारलं, "काकी, तुला कोण बोलला नाही म्हणून?"

पत्रात 'नाही' कुठेच नव्हतं. त्यात लिहिलं होतं की शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत जोडलेली नाही, ती १५ दिवसांत पाठवा, नाहीतर फाइल बंद होईल. पत्रावरच्या तारखेपासून ११ दिवस उलटून गेले होते. उरलेल्या चारात एक रविवार.

आता तुम्ही काय केलं असतं? मी तर आधी वकील शोधला असता. बायने कोरा कागद घेतला. काकूंच्या वतीने साध्या मराठीत अर्ज लिहिला. पत्र मिळालं, कागद गोळा करतोय, मुदत वाढवून द्यावी, जे आहेत ते सोबत जोडले आहेत. खाली काकूंची सही. दोन प्रती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काकूंना एकटीला पाठवलं नाही, स्वतः सोबत गेली. काउंटरवर अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली.

"पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही," ती मला म्हणाली. "आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवलं. तोंडी सांगितलेलं ऑफिसात कुणाला आठवत नाही."

मग पोलीस ठाण्यातून अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा, हॉस्पिटलमधून अहवाल. त्यात तिचे तीन लेक्चर बुडाले.

ही वकील नाही, मग कोण?

बाय आहे विधी स्वयंसेवक. इंग्रजीतल्या 'पॅरा लीगल व्हॉलंटिअर'वरून सगळे पीएलव्ही म्हणतात. ही कुठल्या एनजीओने काढलेली टूम नाही, यामागे कायदा आहे. १९७६मध्ये घटनेत ३९-अ हे कलम आलं. पैसे नाहीत म्हणून कुणी न्यायापासून वंचित राहू नये, ही सरकारची जबाबदारी ठरली. त्यासाठी १९८७मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५पासून तो लागू झाला. म्हणून ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो. या कायद्याने देशपातळीपासून राज्य, जिल्हा आणि तालुक्यापर्यंत प्राधिकरणं आणि समित्या उभ्या केल्या. २००९मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने, म्हणजे 'नालसा'ने, पीएलव्ही योजना आणली. वकिलाचं ऑफिस आणि वस्ती यांच्यात जी दरी असते, तिथे उभं राहायला माणसं हवी होती.

कोण होऊ शकतं? शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे विद्यार्थी, लॉचे विद्यार्थी, बचत गटातल्या बायका. इतकंच काय, लांब शिक्षा भोगणारे, चांगल्या वागणुकीचे, शिकलेले कैदीसुद्धा तुरुंगात हे काम करू शकतात. लॉची डिग्री लागत नाही.

ट्रेनिंगमध्ये घटनेची तोंडओळख, कोर्टांची रचना, एफआयआर, अटक आणि जामीन, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा, कामगारांचे हक्क, माहितीचा अधिकार असे विषय असतात. त्याच्या जोडीला अर्ज लिहिणं आणि समोरच्याचं ऐकून घेणं. बायच्या मते शेवटचंच सगळ्यात कठीण. "माणूस कागदापासून सुरुवात करतच नाही. आधी सासूचं सांगतो, मग भावाचं. त्यातलं कामाचं वाक्य पकडायचं."

आणि काय करायचं नाही, तेही तितकंच पक्कं. कोर्टात उभं राहायचं नाही, तो अधिकार वकिलाचा. लोकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. "तुमची केस जिंकणारच" असं म्हणायचं नाही. प्रकरण कोर्टात जाणारं असेल तर प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळवून द्यायचा.

हा मोफत वकील कुणाला मिळतो, हे तुमच्या घरातही कुणाला ठाऊक नसेल. महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांनाही मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची उत्पन्न मर्यादा आहे. म्हणजे आपल्या वर्गातली प्रत्येक मुलगी या यादीत बसते. मला हे मास कॉमच्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

एक पत्र, एक पत्रकार

कायद्याचं काम फक्त काळ्या कोटातली माणसं करतात, असं वाटत असेल तर मुंबईचीच एक गोष्ट ऐका. मुंबईतल्या पोलीस कोठडीत महिलांना मारहाण होते, असं पत्र शीला बारसे या पत्रकार बाईंनी सुप्रीम कोर्टाला लिहिलं. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. खरं-खोटं बघायला कुणाला पाठवलं? न्यू मरीन लाइन्सच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना. १९८३मध्ये निकाल आला. महिला संशयितांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला पोलीस आणि अटक झाली की जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच कळवायचं. एक पत्रकार, एक समाजकार्याची प्राध्यापिका, आणि देशभरातल्या कोठड्यांचे नियम बदलले.

दोन वर्षांनी, १९८५मध्ये, फुटपाथवर राहणाऱ्यांच्या केसचा निकाल लागला. तिच्यावर नाव आहे ऑल्गा टेलिस यांचं. त्याही मुंबईच्या पत्रकार. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, हे कोर्टाने त्यात मान्य केलं. झोपड्या मात्र वाचल्या नाहीत, पावसाळा संपेपर्यंतची मुदत मिळाली. निकाल अर्धाच हाती लागला, तरी पुढच्या कितीतरी केसेस त्याच्यावर उभ्या राहिल्या.

कोळीवाड्यात कायदा रोजच येतो

कायदा आपल्याला लांबचा वाटतो, कारण आपल्याला तो परीक्षेत भेटतो. इथे तो किनाऱ्यावर भेटतो. भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येईल, हे सीआरझेडचे नियम ठरवतात. ते १९९१मध्ये आले, २०११मध्ये बदलले, २०१९मध्ये पुन्हा बदलले. पावसाळ्यातली मासेमारी बंदी आहे, १९८१चा राज्याचा सागरी मासेमारी कायदा आहे. रस्त्यावर पाटी घेऊन बसणाऱ्या कोळणीसाठी २०१४चा फेरीवाला कायदा आहे.

वरळीचंच बघा. कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवायचं ठरलं होतं. त्यातून होड्या सुखरूप जाणार नाहीत, असं कोळी सांगत राहिले. बैठका, अर्ज, आंदोलनं झाली. शेवटी डिसेंबर २०२२मध्ये सरकारने ते अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. समुद्राचं ज्ञान कोळ्यांकडे आधीपासून होतं. ते अर्जाच्या भाषेत, मुदतीच्या आत, योग्य टेबलावर पोचवावं लागलं.

'मुदतीच्या आत' हे शब्द बायच्या फाइलवर लाल पेनाने लिहिलेत. माहिती अधिकारात उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं, नाही मिळालं तर पहिल्या अपिलाला ३० दिवस, दुसऱ्याला ९० दिवस. "आमच्याकडे भरती-ओहोटी तोंडपाठ असते," ती हसून म्हणाली. "तसंच हे."

करिअर आहे का, खरं सांग

हा प्रश्न तुम्ही विचारणारच, म्हणून मीही विचारला. उत्तर गोड नाही. पीएलव्ही हे नोकरीचं पद नाही. काम मिळेल त्या दिवसांचं मानधन मिळतं, त्यावर घर चालत नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षांचा कोर्स करून मुलं पॅरालीगल म्हणून नोकरीला लागतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तर २००७पासून पॅरालीगलना लायसन्स मिळतं आणि छोट्या दाव्यांच्या कोर्टात ते स्वतः उभे राहतात. आपल्याकडे तसं लायसन्स नाही. १९६१च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनुसार वकिली फक्त वकिलाची.

पण वाटा आहेत. फोर्ट आणि नरिमन पॉइंटच्या लॉ फर्म्समध्ये फायलिंग, रेकॉर्ड आणि कागदपत्रांची छाननी करणाऱ्या पॅरालीगलची गरज असते. जुन्या सॉलिसिटर फर्म्समधले मॅनेजिंग क्लार्क पिढ्यान् पिढ्या हेच काम करत आले. इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा बारावीनंतर घरबसल्या करता येतो. समाजकार्याकडे वळलात तर टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'सारखे प्रकल्प आहेत. 'प्रयास'चं काम १९९०पासून कैद्यांसोबत चालू आहे. आणि लॉ करायचं असेल तर यापेक्षा चांगली पूर्वतयारी नाही. बायचंही तेच ठरलंय, बी.ए. झालं की तीन वर्षांचं एलएल.बी.

"अर्धवट ज्ञान धोक्याचं नाही का?" असंही मी विचारलं. ती गप्प झाली. मग सांगितलं, की सुरुवातीला एका आजीला तिने "होईल तुमचं काम" असं म्हटलं होतं. झालं नाही, कारण नियमात ते बसतच नव्हतं. आजी रोज येऊन पायरीवर बसायची, काही बोलायची नाही. "तेव्हापासून 'होईल' म्हणत नाही. 'मला माहीत नाही, विचारून सांगते' म्हणते. आणि खरंच विचारते."

तुम्ही काय करू शकता?

आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात जा. ते सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. पीएलव्हींची पुढची निवड कधी आहे, ते विचारा. जवळच्या लॉ कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात डोकवा. १५१०० हा नालसाचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करा, आज नाही तर उद्या कुणाला तरी लागेल. लोकअदालत लागली की एक दिवस नुसते बघायला जा. तिथे तडजोड झाली की निकाल अंतिम असतो, वर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

आणि यातलं काहीच जमलं नाही, तरी एक करा. घरी, बिल्डिंगच्या वॉचमनकडे, कामाला येणाऱ्या मावशींकडे एखादा न उघडलेला सरकारी कागद असेल. तो पूर्ण वाचा. तारीख बघा. मग मराठीत सांगा.

हे लिहिण्याआधी मी पुन्हा मच्छीमार नगरात जाऊन आले. काकूंचे पैसे अजून आलेले नाहीत. फाइल मात्र बंद झाली नाही, पुढे सरकली आहे. देवाच्या फोटोमागे आता ते पत्र नाही. तिथे प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली पोच आहे. त्यावर निळा शिक्का आणि तारीख आहे. काकूंना ती वाचता येत नाही, पण शिक्क्यावर बोट ठेवून त्यांनी मला दाखवली आणि म्हणाल्या, "ही हाय ना, मग आता त्यांना नाय बोलता याचा नाय."

बाय बाजूलाच होती. तिने लगेच दुरुस्त केलं, "बोलता येईल, काकी. पण कारण लिहून द्यावं लागेल."